अस्तित्वातील बगीचा

चाकणच्या पट्ट्यातली जमीन यापुढे शिस्तीत वापरली जाईल, असे वरून ठरले. पूर्वी तलाठी येई, चहा घेई, बांध बघून जाई. या मागासलेल्या पद्धतीत माणसाला चक्क जमिनीवर पाय ठेवावा लागे, म्हणून ती बंद करण्यात आली. आता ड्रोन फोटो काढणार, फोटोवरून नकाशा होणार आणि नकाशात असेल तेच खरे.

ड्रोन आला तो नेमका सरूबाईच्या लेकीच्या, दीक्षाच्या लग्नादिवशी. मे महिना, ऊन मरणाचे. म्हणून नवऱ्याने, भिवाने, घर, अंगण, न्हाणी, सगळ्यावर हिरवी जाळी ताणलेली. कंपनीत तीस वर्षे शिफ्ट करून फंडातून बांधलेल्या तीन खोल्या तिच्याखाली गुडूप झाल्या. डोक्यावर घरघर ऐकून भिवा ओरडला, "अरं वर बघा, शूटिंगवाला आला!" झालं! सगळे जाळीबाहेर धावले. जावयाचे मित्र नाचले, पोरांनी टाटा केला, सरूबाईही पदर सावरून हसली. मंडळी हात हलवत होती राव, आणि ड्रोन त्यांची शिरगणती करत होता.

सहा महिन्यांनी आराखडा लागला. सरूबाईच्या दोन गुंठ्यांवर हिरवा चौकोन आणि खाली नोंद: 'अस्तित्वातील सार्वजनिक बगीचा. वापरकर्ते तीनशे. सर्व आनंदी.'

भिवाचे गुडघे गेलेले, तेव्हा हरकतीच्या सुनावणीला सरूबाई एकटीच पिशवी घेऊन गेली. नियोजन अधिकारी स्नेहल मॅडम फार गोड बाई. आधी पाणी विचारले.

"जय भीम, ताई. ती बाग न्हाई, माझं घर हाय."

"पुरावा?"

सरूबाईने लग्नाचे फोटो काढले. मॅडमनी एकेक निरखला. "लोक बसलेत, जेवतायत, मुलं पळतायत. बगीचाच हा, मावशी. देखभालही छान."

सरूबाईने विजेचे बिल पुढे केले.

"अरेरे, बागेच्या मीटरला खासगी नाव?"

मग घरपट्टीची पावती निघाली आणि मॅडमचा चेहराच पडला. "मावशी, हे दाखवायचं नव्हतं हो. इतका वेळ नुसती बाग होती. आता बागेत अतिक्रमण निघालं."

नोटीस जागेवरच छापून मिळाली. बांधकाम महिन्यात पाडावे.

"अवं, मग परत उडवा की ते! जाळी कवाच काढली आमी!"

"पुढचं उड्डाण वीस वर्षांनी. पण एक वाट आहे. शेजारच्या रहिवाशांनी बाग नको म्हटलं, तर चौकोन उठतो. तुमच्या समोरच्या टॉवरचं मत मागवते."

सरूबाईच्या जिवात जीव आला. समोरचा टॉवर म्हणजे घरचाच की! तिथल्या अकरा फ्लॅटांत ती रोज पोळ्या लाटायची. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाची लेक कडेची पोळी टाकून देते, सगळे तिला पाठ. तिने एकेका ओट्याशी उभे राहून विचारले. "मावशी, काळजीच करू नका," अकराही घरांत हेच उत्तर मिळाले.

पंधरा दिवसांनी मते आली. दोनशे बारा. सगळी बागेच्या बाजूने.

"असं कसं? त्यांच्या खिडकीतनं माझं घर दिसतंय की वं!"

"हो ना," मॅडम मनापासून हळहळल्या. "मताच्या अर्जाच्या छापील मजकुरात तेच आहे. खिडकीतून घर दिसतं, बाग दिसत नाही, तरी लवकर दाखवावी."

सरूबाईने नावे वाचायला मागितली नाहीत. नोटीस पिशवीत घातली आणि निघाली. सहाला पहिल्या घरी कणीक मळायची होती.

तुम्ही मात्र जरा आठवून बघा. मागच्या रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर 'आपली हिरवाई, आपला हक्क' म्हणून लिंक आली होती. तुम्ही ती न वाचताच होकार दाबलात. डाव्या हाताने दाबलात, कारण उजव्या हातात पोळीचा घास होता.