सहमतही नाही, असहमतही नाही

तुम्हाला म्हणून सांगतो, माणसाला बोलतं कसं करायचं हे आमच्या विद्यापीठात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! निदान गेल्या नोव्हेंबरपर्यंत तरी माझं हे ठाम मत होतं.

माझ्या पीएचडीचा विषय असा: तेल आणि कोळसा सोडून लाकूड, गवत, शेवाळ असल्या पुन्हा उगवणाऱ्या गोष्टींवर देश चालवायचा, याबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं? आम्हा फिनलंडच्या लोकांना हा प्रश्न अगदी घरचा, कारण दाराबाहेर पाऊल टाकलं की जंगलच लागतं. मी पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली केली, तीनशे बारा पोरांकडून भरून घेतली, आणि उघडून बघतो तर काय! झाडून सगळ्यांनी प्रत्येक प्रश्नाला मधल्याच चौकटीत खूण केलेली. 'सहमतही नाही, असहमतही नाही.'

माझी गाईड कायसा हिनं गठ्ठा चाळला आणि चष्मा काढून ठेवला.

"इल्मो, यावर तुला डॉक्टरेट कशाची द्यायची? गप्प बसण्याची?"

"पोरं बुजतात गं!"

"मग त्यांना बोलतं कर. डिसेंबरच्या आत!"

मी पाच पोरांना एका खोलीत बसवलं. कॉफी दिली, दालचिनीचे पाव दिले, समोर रेकॉर्डर ठेवला. चाळीस मिनिटांनंतर ऐकलं तर नुसता चावण्याचा आवाज! शेवटी एकदा "थँक्यू", तेही बहुधा पावाला.

तेव्हा मला सुचलं. सौना, आमचं वाफेचं न्हाणीघर! आमच्याकडे माणूस कपडे उतरवल्याशिवाय मन मोकळं करत नाही. तळ्याकाठी विभागाचा जुना सौना आहेच. तिथे त्याच पाच पोरांना बसवायचं, तापल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि वाफेत एकेकाला शिजवून काढायचं. ऐकायला ताइस्तोंनाही बोलवायचं.

ताइस्तो म्हणजे आमचे वनशास्त्राचे सर. चाळीस वर्षं शिकवलं. गेल्या वर्षी फुप्फुसात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी बर्फ वितळेपर्यंतची मुदत दिली. त्यांचं एकच काम राहिलं होतं. त्यांची आई जंगलात मजूर होती. तिनं एकावन्न साली बर्चची रोपं लावली, त्यातली सोळा झाडं वादळांतून वाचली. ती तोडून ताइस्तोंनी प्रत्येकाचा वीतभर ओंडका ठेवला होता. ते पुरते वाळले की वजन करायचं आणि एका झाडानं सत्तर वर्षांत हवेतला किती कार्बन गिळला, ते मांडायचं. "आईच्या झाडांचा तक्ता पुरा झाला की मी मोकळा," असं ते म्हणायचे. ते ओंडके तळघरातल्या वाळवणीच्या खोलीत आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी मी सौनावर पोहोचलो. भिंतीला छपराखाली बर्चचं लाकूड रचलेलं! टोकांना निळ्या रंगाचे आकडे होते, पण लाकूड घेणारे व्यापारी असे रंग मारतातच. आणि सौनाच्या भिंतीला टेकलेलं लाकूड कुणाचं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. ते सौनाचंच असतं. मी बाही सरसावली, कुऱ्हाडीनं फोडलं आणि भट्टी पेटवली. काय धडधडली!

पोरं वरच्या फळीवर बसली. दहा मिनिटं चूप. मी आणखी लाकूड सारलं. मग वेइक्का म्हणाला, "खरं सांगू? तुझी ही नवी अर्थव्यवस्था म्हणजे जुनीच जंगलतोड. बारसं तेवढं नव्यानं केलंय."

वा! मी आणखी दोन ओंडके फोडून आणले.

"माझ्या आजोबांच्या जंगलाचे कागदी कप झाले," तुओमो म्हणाला. "लोक एकदा पितात आणि फेकतात!"

आणखी दोन! एकेका खऱ्या वाक्याला दोन ओंडके पडत होते, पण मी हात आखडता घेतला नाही. अखेर तीन वर्षांत वर्गात तोंड न उघडलेला काअपो बोलला.

"मला भीती वाटते रे. मी पन्नाशीचा होईन तेव्हा जंगल असेल का, तेच कळत नाही. मग चौकटीत काय भरू?"

कुणीच हसलं नाही. मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली, पण सौनात ते बरं दिसत नाही.

तेवढ्यात ताइस्तो आले. बरगड्या मोजून घ्याव्यात असे झाले होते. खालच्या फळीवर सावकाश टेकले.

"ताव छान आहे. लाकूड कुठलं?"

"बर्च! बाहेर भिंतीलाच होतं. इतकं वाळलेलं लाकूड मी जन्मात पाहिलं नाही!"

"हो. चौदा महिने वाळवलंय."

माझ्या हातात एक तुकडा होता. टोकाला निळ्या रंगात तेरा.

"पण... पण तुमचे ओंडके तर तळघरात होते!"

"ती खोली तुमच्या पर्यावरण समितीनं सप्टेंबरात बंद केली. वीज वाचवायला. म्हणून मी ते इथे आणून रचले."

ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो; कुठली खोली, ते वाचलंच नव्हतं.

"किती उरले?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"सोमवारी वजन करणार होतो."

काअपो चाचरत म्हणाला, "तिथलं दुसरं एखादं झाड..."

"तिथे काही उरलं नाही पोरा. आता पुन्हा लावायचं. लाकूड पुन्हा उगवतं, इल्मोच्या प्रश्नावलीत काही चूक नाही. मी उगवत नाही, एवढंच. उरलेले तीनही टाक रे. तीन ओंडक्यांवर तक्ता होत नाही."

मी टाकले. मग त्यांनी सांगितलं म्हणून पाणीही टाकलं. सौनात एक बरं असतं, कोण रडतंय ते कळत नाही.

ताइस्तो एप्रिलात गेले. तळ्यावरचा बर्फ अजून फुटायचा होता.

मे महिन्यात एका सकाळी दार उघडलं, तर पाचही पोरं फावडी घेऊन उभी! मी बोलावलं नव्हतं. आम्ही बसनं ताइस्तोंच्या आईची झाडं होती त्या जागेवर गेलो आणि बर्चची सोळा रोपं लावली. जमीन दगडाळ, दुपार झाली. कुणी अवाक्षर काढलं नाही. काअपोनं प्रत्येक रोपापाशी निळ्या आकड्याची खुंटी ठोकली.

परतताना बसमध्ये माझी खोड काही जाईना. पिशवीतून प्रश्नावली काढून मी पाचांना वाटली. प्रश्न चौदावा: 'पुन्हा उगवणाऱ्या साधनांवरच्या अर्थव्यवस्थेसाठी मी स्वतः कष्ट घ्यायला तयार आहे.'

चिखलानं माखलेल्या बोटांनी पाचही जणांनी मधल्या चौकटीत खूण केली आणि कागद परत दिले.

एक कोरा उरला होता, तो मी भरला. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मीही मधलीच चौकट भरली.