वाऱ्यांचा पाठ आणि छताचा पंखा

शिक्षण ही मोजता येणारी गोष्ट आहे, हे मानवजातीच्या फार उशिरा ध्यानात आले. पूर्वी शिक्षक वर्गात येत, बोलत, खडू झिजवत आणि निघून जात. मुलांच्या डोक्यात काय शिरले याचा कुणालाच पत्ता नसे. आमच्या महाविद्यालयाने ऑनलाइन अध्ययन व्यवस्थापन प्रणाली घेतली आणि हा अंधार संपला. आता शिक्षक पाठाची चित्रफीत चढवतात, मुले ती घरी पाहतात आणि पाठ संपला की नावापुढे हिरवी खूण येते. हिरवी म्हणजे समजले, लाल म्हणजे नाही समजले. एक जरी खूण लाल असली, तरी परीक्षेला बसता येत नाही. (या प्रणालीचा समन्वयक मी आहे. हे केवळ माहितीसाठी.)

सुरुवातीला विरोध केला तो फक्त भूगोलाच्या सरांनी. मुलांच्या चेहऱ्याकडे बघितले की समजले की नाही ते कळते, असे त्यांचे म्हणणे. चेहरा कुठल्याही तक्त्यात भरता येत नाही, हे मी त्यांना स्वखर्चाने चहा पाजून पटवून दिले. मग त्यांनी 'वारे' या प्रकरणाचा पाठ घरीच तयार केला. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, घसा खाकरला आणि भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. त्यांची पाठ वळताच मोबाईल उताणा पडला. माइक मुळातच बंद होता. सर पाऊण तास जीव तोडून नकाशाला शिकवत राहिले आणि मोबाईल पाऊण तास हॉलच्या छताचा पंखा टिपत राहिला. (विषय वारे असल्याने पंखा अगदीच विषयबाह्य म्हणता येणार नाही.)

आमच्याकडे कुठलाही पाठ तपासल्याशिवाय मुलांपर्यंत जात नाही. 'मी हा पाठ संपूर्ण पाहिला आहे' या चौकोनात आधी सरांनी खूण केली, मग विभागप्रमुखांनी, मग मी. मी तर वर शेराही लिहिला: 'ओघ कुठेही खंडित होत नाही.' हा शेरा आजही तंतोतंत लागू आहे.

पाठ अतोनात गाजला. एक मुलगी सोडली तर सगळ्या वर्गाच्या खुणा हिरव्या झाल्या आणि शेवटच्या प्रश्नावलीत सरासरी सत्त्याण्णव टक्के गुण पडले. 'खूप सोप्या भाषेत शिकवले', 'सरांचा आवाज ऐकून बरे वाटले', असे अभिप्राय आले. एकाने वेग थोडा कमी ठेवावा अशी सूचना केली, ती रास्तच होती. प्राचार्य बाईंनी सरांचा सत्कार जाहीर केला.

त्या राहिलेल्या मुलीला वर्गात सगळे 'पणसर' म्हणतात, कारण ती उभी राहिली की सुरुवातच 'पण सर' अशी करते. तिने पाठ मध्येच बंद करून शंकापेटीत लिहिले होते: 'सर, पंखा दिसतोय. आवाज येत नाही. मला वारे समजले नाहीत.' प्रणालीने तत्क्षणी उत्तर दिले: 'आपली शंका निकाली काढण्यात आली आहे.'

सरांनी तिला बोलावून झापले. "काय गं, एवढा साधा पाठ पुरा होत नाही तुझ्याच्यानं?"

"पण सर, तुम्ही एकदा बघा ना!"

सरांनी जेमतेम मिनिटभर बघितला आणि तडक प्राचार्य बाईंची खोली गाठली.

"बाई, तो पाठ काढून टाका. त्यात मी नाहीच!"

"काढला तर अख्ख्या वर्गाच्या हिरव्या खुणा जातील, सर. परीक्षा तोंडावर आलीय. आणि सत्काराची आमंत्रणं गेलीसुद्धा."

"अहो, पण त्या पोरीचं वर्ष जाईल!"

"मग तिला म्हणावं, बघ पंखा. बाकीच्यांनी नाही का बघितला?"

निर्णय न्याय्यच होता. पणसर संगणक कक्षात जाऊन बसली. सर शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर पंखा फिरू लागला आणि सर बोलू लागले. हवा तापली की हलकी होऊन वर जाते, मग आजूबाजूची थंड हवा तिच्या जागी धावते. पणसरने त्यांना दर दोन वाक्यांना अडवले. सरांनी खिडकी उघडली, कागदाचे कपटे उडवून दाखवले, पुन्हा पहिल्यापासून सांगितले. मी दारात उभा होतो. एका क्षणी सर तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचे थांबले. तिला समजले होते. मला त्यांचा हेवा वाटला. (प्रणालीत याची नोंद नाही.)

तेवढ्यात ती ओरडली, "सर, झाडू!"

पडद्यावर एक लांब झाडू आला, छताच्या कोपऱ्यातले जळमट काढून निघून गेला. सरांनी लगेच घरी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अहो, तुम्ही भिंतीशी बोलत होतात, म्हटलं आपण आपलं काम उरकून घ्यावं."

पणसर मात्र विचारात पडली होती. "पण सर, सगळ्यांनी पाठ पूर्ण बघितला, मग झाडूबद्दल कुणीच कसं काही लिहिलं नाही? तुम्ही तरी बघितला होता का?"

सरांनी माझ्याकडे बघितले. मी छताकडे बघितले. तिथेही पंखाच होता. तिची खूण हिरवी झाली आणि तो विषय तिथेच संपला.

वाचकहो, आपण आता त्या वर्गाला, सरांना, झालेच तर मलाही हसत असाल. जरूर हसा. हसून झाले की आपला मोबाईल उघडा. 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत' या चौकोनात आपण आजवर जितक्यांदा खूण केली आहे, त्यांतली कुठलीही एक अट सांगा. घाई नाही. तोवर मी आपल्या नावापुढे हिरवी खूण करून ठेवतो.