सोनूबाई नक्की कोण?

रविवारी सकाळी साडेआठला हेमांगीने नवऱ्याला आणि भावाला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि दोन कामं सांगितली. एक, चार मोठी पापलेटं आणायची. दोन, भांडवलशाही म्हणजे काय आणि समाजवाद म्हणजे काय, हे दुपारी एकच्या आत कायमचं ठरवून टाकायचं.

"एक वाजता पाहुणे येणार. त्यानंतर या घरात त्या दोनातला एक जरी शब्द माझ्या कानावर आला ना, तर बघा. काय तो निकाल बाहेर लावून या."

तिचं बरोबर होतं. तिच्या मुलीने, तेजलने, स्वतःच पसंत केलेल्या विपुलचे आईवडील आज पहिल्यांदा घरी यायचे होते. आणि विपुलचे वडील धोंडिराम सर बोरीवलीच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. हे कळल्यापासून हेमांगीची झोप उडाली होती. गेल्या वर्षी पुतण्याच्या साखरपुड्यात तिचा नवरा अनंता आणि भाऊ सीताराम यांनी याच विषयावर असा काही वाद घातला होता, की गुरुजींनी मुहूर्त टळल्यावर दोघांची परवानगी मागून विधी सुरू केला होता.

अनंता आणि सीताराम शाळेत एका बाकावर बसायचे. पुढे अनंता औषधांच्या एका कंपनीत लागला आणि बावीस वर्षं तिथल्या युनियनचा सेक्रेटरी राहिला. सीतारामने चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला आणि दोन मशीनवर बाटल्यांची प्लॅस्टिकची बुचं काढू लागला. हाताखाली चार माणसं. अनंता त्याला तोंडावर 'शोषक' म्हणायचा आणि सीताराम त्याला 'संप'. एवढं असूनही सीतारामने आपली बहीण त्याला दिली होती आणि अनंतानेही ती आनंदाने करून घेतली होती. दोघांच्याही आयुष्यात विनातक्रार पार पडलेला तो एकमेव करार होता.

मासळी बाजार घरापासून दहा मिनिटांवर. त्या दिवशी त्यांना चाळीस मिनिटं लागली, कारण महत्त्वाचा मुद्दा आला की अनंता चालायचा थांबत असे.

सीतारामचं म्हणणं सोपं होतं. ज्याचं मशीन, त्याचा माल. त्याने पैसा घातला, झोप घालवली, म्हणून फायदा त्याचा. याला भांडवलशाही म्हणतात आणि यात लाजण्यासारखं काही नाही. अनंताचं म्हणणंही सोपं होतं. मशीनकडे रात्रभर बघत बसलं तर त्यातून एक बूच पडत नाही. ते माणसाच्या हाताने पडतं. म्हणून माल त्या हातांचा, आणि सगळ्या हातांनी मिळून मशीनचं मालक व्हावं, हा समाजवाद. यावर सीतारामने विचारलं, की मग मशीन बिघडल्यावर मेकॅनिकला फोन सगळे हात मिळून करणार का. अनंताने सांगितलं, समिती करेल. सीताराम म्हणाला, समितीची बैठक होईपर्यंत बाटल्या उघड्या राहतील. सेक्टरच्या बागेपाशी दोघं दमले आणि एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं: नुसत्या व्याख्येने भागत नाही, समोर जितंजागतं उदाहरण पाहिजे.

बाजारात शिरल्यावर उदाहरण समोरच बसलेलं होतं.

सोनूबाई चारकोप गावातली कोळीण. साठीची, आवाज दणदणीत, अंबाड्यात अबोलीचा गजरा. वीस वर्षं हेमांगी तिच्याकडूनच मासळी घेत होती. तिने या दोघांना पाहताच काही न विचारता चार पापलेटं निवडली आणि बर्फाच्या पेटीत बाजूला ठेवली. हेमांगीचा फोन तिला आधीच येऊन गेला होता.

अनंताने पिशवी पुढे केली नाही. त्याने सीतारामला हळूच विचारलं, "ही कोण? सांग."

"ही मालक," सीताराम म्हणाला. "टोपली तिची, कोयता तिचा, भाव तीच लावते. शंभर टक्के भांडवलदार."

अनंताला ते सहन झालं नाही. पहाटे तीनला उठून धक्क्यावर जाणारी, दिवसभर ओल्यात बसणारी बाई भांडवलदार? ती कामगार होती. शुद्ध कामगार. तिच्याएवढं शोषण त्याच्या कंपनीतही कुणाचं झालं नव्हतं. सीतारामने विचारलं, शोषण करतंय कोण? टोपली? अनंता म्हणाला, व्यवस्था. सीतारामने बाजारात इकडेतिकडे पाहून व्यवस्था कुठे बसलीय ते दाखव म्हटलं. आवाज वाढले. मागे चार-पाच गिऱ्हाइकं खोळंबली. एका बाईने बोंबलांचा भाव विचारला, तर अनंताने तिला हाताने थांबायची खूण केली.

सोनूबाई बराच वेळ या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. एवढ्यात तिचा फोन वाजला. तिची सून दुसरी टोपली घेऊन रिक्षाने येत होती आणि रिक्षा नाक्यावर बंद पडली होती. रविवार असल्याने दुसरी मिळत नव्हती. ऊन चढत होतं, टोपलीत कोलंबी होती. एरवी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून सोनूबाई गेली असती, पण शेजारची जागा रिकामी होती. ती बाई लग्नाला गेली होती.

सोनूबाईने फोन ठेवला, पदर खोचला आणि उभी राहिली.

"मी नाक्यावर जाताव. तुमी दोगं हतं बसा." तिने आपला पाट पायाने सरकवला. "मगाधरून मी कोन, मी कोन करताव ना? बसून बगा. मी आली का मना सांगा मी कोन ती."

आणि ती गेलीही.

पहिली पाच मिनिटं दोघं नुसते उभे होते. मग बोंबीलवाली बाई पुन्हा म्हणाली, काका, देताय का जाऊ? तेव्हा अनंता पाटावर बसला. सीताराम गोणपाटावर बसायला गेला. ते ओलं होतं, हे त्याला बसल्यावर कळलं.

भाव दोघांनाही माहीत नव्हते. बाईने एका वाट्याचे शंभर सांगितले. अनंता शंभराला देणारच होता, पण बावीस वर्षं मॅनेजमेंटसमोर बसलेल्या माणसाची एक सवय असते. समोरून आलेला पहिला आकडा तो मान्य करत नाही. त्याने दीडशे सांगितले. बाईने फोनवरून सव्वाशे दिले. अनंता सोनूबाईच्या पेटीवर ठेवलेल्या क्यूआर कोडच्या यंत्राकडे बघतच राहिला. ते खणखणीत आवाजात 'एकशे पंचवीस रुपये प्राप्त' असं म्हणालं होतं. साऱ्या नोकरीत वाटाघाटीचा निकाल इतक्या लवकर त्याने कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर तो बदलला. त्याने गजरा सोडून सोनूबाईचं सगळं उचललं. मासळी ओल्या हाताने थापटायची, डोळा दाखवायचा, गिऱ्हाईक दोन पावलं गेलं की हाक मारायची. एका जाकीटवाल्या माणसाला त्याने सांगितलं, की सुरमई घ्यायची तर अख्खी, तुकडा मिळणार नाही, आणि तो माणूस अख्खी घेऊन गेला. 'मालाला मागणी आहे' हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं, की पुढच्या ओट्यावरच्या कोळणी वळून बघायला लागल्या.

सीतारामचं उलटं झालं. कापून देण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. कोयत्यावर बोंबील धरायचा कसा, हे त्याला कळेना. बोंबील हातातून पाण्यासारखा निसटे. मांदेलीचे काटे बोटांत गेले, कंबर धरली, पॅन्ट मागून भिजून गार पडली. बर्फाचं पाणी चपलेत शिरलं. तासाभरात त्याने तीनदा वेळ बघितली आणि चहाची सुट्टी केव्हा, असं अनंताला विचारलं. अनंता म्हणाला, गर्दी ओसरल्यावर.

"अरे, पण माणसाला पाठ टेकायला दहा मिनिटं नको का?"

"आता पीक अवर आहे, सीताराम. हात चालव."

सीतारामच्या मनात काहीतरी हललं. पुढ्यात एक म्हातारी मांदेलीच्या वाट्याकडे बघत उभी होती. तिने भाव विचारला आणि नुसतीच मान हलवली. सीतारामने दोन वाटे तिच्या पिशवीत टाकले आणि राहू दे म्हणाला. ते पाहून दुसरी म्हातारी आली. मग रांग लागली. अनंता दुसऱ्या टोकाला पापलेटांत गुंतला होता, त्याला ते दिसलं नाही.

पापलेटांचं प्रकरण असं झालं. बाहेरची संपली होती. दोन बायका एकदमच आल्या आणि दोघींनाही पापलेटच हवी होती. अनंताला बर्फाच्या पेटीची आठवण झाली. त्याने एक वर काढून दाखवलं. पहिलीने भाव सांगितला, दुसरीने वाढवला. पहिली चिडली आणि आणखी वाढवला. अनंता काहीच बोलत नव्हता, फक्त ज्याचा आकडा मोठा त्या बाजूला पापलेट थोडं झुकवत होता. चारही पापलेटं गेली. यंत्र जे काही म्हणालं ते ऐकून पुढच्या ओट्यावरच्या कोळणीने कपाळाला हात लावला. अनंता मागे वळला.

"सीताराम, ऐकलंस?"

"ऐकलं," सीताराम बोट चोखत म्हणाला. "ती आपली होती."

अनंताने पेटीत पाहिलं. पेटीत बर्फ होता. साडेअकरा वाजले होते.

दोघांनी घाईने साऱ्या बाजाराला फेरी घातली. रविवारी या वेळेला काय उरणार? एकीकडे दोन शिंगाळे, एकीकडे ओळखू न येणारं काहीतरी. शेवटची आशा सोनूबाईची कोलंबीची टोपली होती. पावणेबाराला सोनूबाई आली, डोक्यावर टोपली उपडी घालून. रिक्षा सुरू व्हायची वाट बघता बघता तिने नाक्यावरच टोपली उघडली होती आणि सिग्नलला थांबलेल्या गाड्यांना सगळी कोलंबी विकून टाकली होती.

तिने रिकामा ओटा पाहिला, फोनवर आलेले पैसे पाहिले आणि अनंताकडे नव्या नजरेने पाहिलं. मांदेली कुठे गेली, तेही तिला पुढच्या ओट्यावरून कळलं, तेव्हा तिने सीतारामकडेही पाहिलं. ती नजर वेगळी होती.

"आता सांगा," ती पाटावर बसत म्हणाली. "मी कोन?"

"कामगार," सीताराम म्हणाला. "मालकाला बसायला खुर्ची असते, बाई. तुमचं शोषण चाललंय."

"काहीतरी बोलू नकोस," अनंता म्हणाला. "भाव ती ठरवते, माल ती ठरवते. ही मालक आहे. शंभर टक्के."

दोघं थांबले. एकमेकांकडे बघितलं. आपण कुठे उभे आहोत हे दोघांच्याही ध्यानात आलं, पण आता मागे हटायचं कुणी? त्यांनी वाद तसाच पुढे चालू ठेवला. उलट बाजूंनी. सोनूबाईने कंटाळून पिशवीतून सुक्या जवळ्याची एक पुडी काढली, अनंताच्या हातात कोंबली आणि दोघांना घरी पिटाळलं.

घरी हेमांगीने पुडी उघडली. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हटल्यावर दोघं बाल्कनीत जाऊन उभे राहिले. तेजलने खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली, पण परतलेल्या जवळ्याचा वास उदबत्तीला दबत नाही. तो जिन्यात गेला, लिफ्टमध्ये गेला, आणि बरोबर एक वाजता पाहुण्यांसोबत पुन्हा वर आला.

धोंडिराम सर उंच, गंभीर माणूस. पायातले बूट काढता काढता ते थबकले आणि हुंगले.

"जवळा?" त्यांनी विचारलं.

"अहो, पापलेट आणायचं होतं, पण..."

"कैरी घातलीय?"

"घातलीय."

सरांनी बायकोकडे पाहिलं. विपुलच्या आईने नजर फिरवली. मग कळलं, की सोसायटीत वासाची तक्रार होते म्हणून त्या घरात गेली अकरा वर्षं जवळा शिजला नव्हता. सर तीनदा भात घेऊन जेवले. हेमांगी हळूहळू हसायला लागली. तेजल आणि विपुल एकमेकांकडे बघून सुटल्यासारखे झाले.

अनंता आणि सीताराम मात्र खाली मान घालून जेवत होते. हुकूम होता. शेवटी सरांनाच ते खटकलं. त्यांनी विचारलं, की तुम्ही दोघं इतके गप्प का, आणि सीतारामच्या सगळ्या बोटांना पट्ट्या का. तेजलने आईकडे न बघता सकाळची हकीकत सांगून टाकली, पापलेटांसकट.

हेमांगीने डोळे मिटून घेतले. सरांनी हात धुतले, पुसले, खुर्चीत टेकून बसले.

"बत्तीस वर्षं मी या दोन व्याख्या शिकवल्या," ते म्हणाले. "दोन-दोन मार्कांना असतात. पोरं पाठ करायची, मी बरोबरची खूण करायचो. ही बाई कोण, हे मला एकाही पोराने विचारलं नाही."

"मग तुमच्या मते कोण?" अनंताने न राहवून विचारलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बसून बघावं लागेल," ते म्हणाले.

लग्न मार्गशीर्षात ठरलं. त्याची बोलणी बायकांनी आणि तेजल-विपुलनेच आतल्या खोलीत उरकली, कारण बाहेर तिघं पुढचा रविवार ठरवत होते.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला चारकोपच्या बाजारात अनंता भाव सांगत होता, सीताराम घरून आणलेले रबरी हातमोजे घालून बोंबील साफ करत होता, आणि धोंडिराम सर चष्मा कपाळावर चढवून पिशव्या भरून देत होते. सोनूबाई मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत चहा पीत बसली होती. खुर्ची सीतारामने आणली होती, तिच्यावरचा अन्याय दूर करायला.

लग्नाहून परतलेली शेजारीण हे सगळं बघून चक्रावली. तिने सोनूबाईला विचारलं, ही तीन म्हातारी कोण.

सोनूबाईने चहाचा घोट घेतला.

"मानसं ठेवलीत," ती म्हणाली.