उष्टी ताटली

विद्यापीठातले बहात्तर टक्के विद्यार्थी सकाळी काही खात नाहीत, असे पाहणीत आढळले. आहार समितीने तातडीने बैठक घेतली आणि चहा-बिस्किटे आटोपल्यावर नाश्त्याची हजेरी सक्तीची केली. पंच्याहत्तर टक्के नाश्ते भरले नाहीत, तर परीक्षेला बसता येणार नव्हते. कोण खातो हे समक्ष पाहणे अशिष्ट ठरले असते. म्हणून भोजनगृहाच्या खिडकीत ओळखपत्र आणि उष्टी ताटली एकत्र दिली, की एक नाश्ता नोंदवला जाई.

रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रोज सात वाजता वसतिगृहाच्या खोलीत, विजेच्या किटलीत दोन अंडी उकडून खात असे. भोजनगृह आठला उघडे. तिचे प्रात्यक्षिकही आठलाच. महिनाअखेरीस तिचे नाश्ते शून्य भरले.

तिने रक्त तपासून घेतले आणि अहवाल समितीच्या अध्यक्षांपुढे ठेवला.

"हिमोग्लोबिन तेरा. उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "पण कशाच्या जोरावर?"

"अंड्यांच्या, सर."

"नोंद कुठे आहे?"

"पोटात गेली ना, सर."

"पोट आमच्या अखत्यारीत येत नाही."

शेवटी तिच्या खोलीतली मैत्रीण मदतीला धावली. ती भाषेची, तिचा पहिला तास अकराला. "आण ते ओळखपत्र, वेडाबाई. तू जा परीक्षानळ्या घासायला." ती रोज दोन ताटल्यांना जॅम फासून खिडकीत देऊ लागली. मग इतर मुलींच्याही धरून चार झाल्या, मग अकरा. कामात ती चोख होती.

"आज तुझं थोडं टाकलंय हं," ती एकदा म्हणाली. "रोज चाटूनपुसून खाल्लंस तर संशय येतो. आणि मंगळवारी तुझं पोट बिघडलं होतं, लक्षात ठेव."

नाश्त्याचे प्रमाण शहाण्णव टक्क्यांवर गेले. समितीने समितीचा सत्कार केला. त्यानंतर रेक्टरबाई यादी घेऊन खोलीत आल्या.

"सातला अंडी, आठला नाश्ता?" त्या किटलीची वायर गुंडाळत म्हणाल्या. "याला अतिआहार म्हणतात."

"बाई, मी तिकडे जातच नाही हो."

"मग खोटी हजेरी. म्हणजे परीक्षा गेली. बोल, कोणतं लिहू?"

विद्यार्थिनीने दोन्ही बाजूंचा शांतपणे विचार केला आणि अतिआहार कबूल केला. किटली जप्त झाली; खोलीत काहीही खाण्यास सत्रअखेरपर्यंत मनाई झाली.

तीन महिन्यांनी तिचे हिमोग्लोबिन नऊवर आले. डॉक्टरांनी तातडीचे पत्र पाठवले. अध्यक्षांनी ते नोंदींशी ताडून पाहिले आणि उलट टपाली कळवले : 'सदर विद्यार्थिनीचा आहार आदर्श आहे. कृपया आपले यंत्र तपासून घ्यावे.'

परीक्षेला मात्र तिला सन्मानाने बसू दिले. प्रात्यक्षिकात थेंब थेंब सोडायच्या वेळी तिचा हात थरथरला आणि फिकट गुलाबी व्हायला हवे ते द्रावण एका क्षणात गडद गुलाबी झाले. परीक्षकांनी शेरा लिहिला : 'सरावाचा अभाव.' ती नापास झाली. तिच्या प्रगतिपुस्तकात आहाराच्या रकान्यात मात्र शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण होते. मंगळवारचे सहा कापले होते.

इथवर वाचून आपल्याला हसू आले असेल, तर मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा पाहावे. आजची पावले कमी भरत असतील, तर बसल्या जागी हात थोडा जोरात हलवावा. तेवढे चालते.