सोनटक्क्यांनी अडवलेली पेटी

सोनटक्क्यांकडे स्टेपलर मागितला, की ते आधी विचारत, "शेवटी वापरनार कोन?" "मी" म्हटलं, की पुढे "कशाले?" एवढं झाल्यावर स्टेपलर मिळे. बहारीनमधल्या मुहर्रक गावातल्या दुकानात साधी सुरी घेतानाही ते दुकानदाराला न विचारता सांगत, "दोडके चिराले. वापरनार मी एकटाच." तो मल्याळी बिचारा मान डोलवायचा.

गृहस्थ अमरावतीकडचे. विमानतळाजवळच्या आमच्या मालवाहतूक कंपनीत ते बहारीनमार्गे पुढे जाणाऱ्या मालाचे कागद तपासत. सोव्हिएत युनियन फुटून तीन-चार वर्षं झाली होती. तिकडून वाटेल ते विकायला निघत होतं, आणि त्यातलं निम्मं तरी अणुबाँबच्या कामाचं असणार, असा सोनटक्क्यांना पक्का संशय. एकदा त्यांनी चहाच्या किटल्यांची खोकी दोन दिवस अडवून ठेवली. आम्ही पोट धरधरून हसलो.

मग कझाकस्तानातून एक पेटी आली. कागदावर 'डेअरीच्या नळ्या'. सोनटक्क्यांनी ती कस्टमवाल्यांसमोर उघडवली. प्रत्येक नळी वेगळ्या लोकरीत गुंडाळलेली. "दुधाले एवढं कडक पोलाद? बाप्पा!" युरेनियम समृद्ध करायच्या यंत्रात अशाच नळ्या लागतात, हे त्यांनी वाचलं होतं. माल जिच्या नावावर होता त्या डेअरीला फोन लावला, तर तो गालिच्यांच्या दुकानात लागला. त्यांनी तडक कझाकस्तानच्या निर्यात-परवाना खात्याला फॅक्स केला.

आमचे मॅनेजर मुंबईचे. ते भडकले. "यल्ला, चला, पाठवा ती पेटी! बुधवारपर्यंत उत्तर आलं नाही तर पेटी जाईल, आणि पाठोपाठ तुम्हीही." सोनटक्क्यांचा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता. ते अरबीत एवढंच म्हणाले, "मफी." नाही म्हणजे नाही. आणि मॅनेजरांची मुदत कळवून रोज एक फॅक्स पाठवत राहिले.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. या मालाला परवाना दिलेलाच नाही, पेटी परत पाठवा. मॅनेजरांनी तोंड वाकडं करून व्हिसाच्या अर्जावर सही केली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सोनटक्के मात्र फॅक्सची शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. तिथल्या अधिकारी बाईंनी खाली हाताने लिहिलं होतं: तुम्ही बरे आहात ना? वरून दबाव आला की झोप लागत नाही, मला ठाऊक आहे.

"सात वर्सं झाली इथं," ते मला म्हणाले. "असं कोनी इचारलं नाही मले."

मी चार वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. मला स्वतःची लाज वाटली. चहाला चला म्हटलं, तर त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"थांब. आधी त्या बाईले कळवतो, बरा आहो म्हनून."