गल्ली नंबर चारची किमान दाढी

त्या दुष्काळी साली समाधाननगरच्या गल्ली नंबर चारमध्ये कॅलेंडर बघायची कुणाला गरज पडत नव्हती. नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं आणि पुरुषमंडळी त्याच दिवशी दाढी करायची. त्यामुळं समोरच्याच्या गालाकडं एक नजर टाकली, की पाणी येऊन किती दिवस झाले ते कळायचं. गालावर काळसर झाक म्हणजे दुसरा दिवस. खाजवाखाजवी सुरू झाली म्हणजे चौथा. आणि नवरा ओळखू येईनासा झाला, की बायका हंडे घासून दारात मांडायच्या.

मधल्या दिवसांसाठी टंचाई मोजणी कक्षाचा एक टँकर दर गुरुवारी यायचा. त्याच्यावर गल्लीतली एकेचाळीस घरं तगून होती.

या शिस्तीत एकच माणूस बसत नव्हता, श्रीरंग देवगावकर. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो माल तपासायचा. दिवसभर लोखंडी पट्ट्यांवर बोट फिरवून खरखर शोधणाऱ्या माणसानं स्वतःच्या हनुवटीची खरखर सोसायची तरी कशी? घरात पाच पात्यांचा भारीतला रेझर होता. पण त्याच्या पात्यांत केस अडकायचे, ते निघायला वाहता नळ लागायचा, आणि वाहता नळ ही त्या साली ऐकीव गोष्ट झाली होती.

म्हणून तो औरंगपुऱ्यातल्या रामप्रसादच्या दुकानात गेला. रामप्रसादनं गिऱ्हाईकाचा गाल पाहिला आणि विचारलं, "सहावा दिवस?"

"सहावा. पाच पात्यांचा रेझर आहे हो घरी, पण..."

"साब, एका कामाला पाच जण लावले की काय होतं, हे इतकी वर्षं नोकरी करून कळलं नाय तुम्हाला?" रामप्रसादनं काउंटरवर स्टीलचा सेफ्टी रेझर ठेवला, त्याची मूठ फिरवून तीन तुकडे केले, मधे एक पातं ठेवलं आणि परत आवळलं. "छपराच्या उतारासारखा तिरका धरायचा. जोर नहीं लगाने का. त्याच्या वजनानं त्याला चालू द्यायचं. दाबला की रक्त. आठवड्याला पातं बदला, बस्स."

"आणि पाणी?"

"अर्धं फुलपात्र. बुडवा, हलवा, काढा."

पहिले दोन दिवस श्रीरंग गालावर पेपरचे तुकडे चिकटवून कारखान्यात गेला. तिसऱ्या दिवशी तुरटीवर भागलं. पाचव्या दिवशी गाल असा गुळगुळीत झाला, की तो बसमध्ये अनोळखी माणसांना उगाच पत्ता विचारायला लागला, जवळून बघावं म्हणून. दाढी झाली की रेझर खोलायचा, पातं कोरडं करायचं, तिन्ही तुकडे मऊ कापडात गुंडाळून ठेवायचे, असं सगळं साग्रसंगीत चालायचं.

"माझी लग्नातली पैठणी कधी इतकी जपली नाहीत," त्याची बायको वैदेही म्हणाली.

"पैठणी रोज गळ्यावरून फिरत नाही," श्रीरंग म्हणाला.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण गुळगुळीत गाल घरात ठेवून उपयोग काय? श्रीरंग ओट्यावर बसून, आरसा खिडकीला टांगून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी दाढी करायला लागला. समोरचा मुंजाबा पिशोरकडचा. गावाकडं मेंढरं राखायचा, इथं एका गोदामावर वॉचमन होता आणि सवय सुटत नाही म्हणून दारात दोन बोकड बांधून होता.

"देवगावकर, रोज रोज गाल तासून कुठं निघालाव? लगीन हाय का पुन्यांदा?"

"अर्ध्या फुलपात्रात होतं, मुंजाबा. शिकून घे."

"नगं बाबा. लई चकाकायलाय. एखादा कावळा येऊन त्यात भांग पाडंल."

एका मंगळवारी, पाणी येऊन चौथा दिवस असताना, टंचाई मोजणी कक्षाचे सर्जेराव गल्लीत आले. टँकर पुढं चालू ठेवायचा की नाही, याची पाहणी होती. त्यांच्या हातात सहा इंची प्लास्टिकची पट्टी होती.

पट्टीचं कारण सरळ होतं. पाहणीला गेलं की लोक भरलेल्या टाक्यांवर गोधड्या टाकतात आणि तोंड वाळवून उभे राहतात, असा कक्षाचा जुना अनुभव होता. पाणी लपवता येतं, दाढी लपवता येत नाही, असा निष्कर्ष कक्षाच्या अभ्यासगटानं थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवस बसून काढला होता. तेव्हापासून तक्त्यात रकाना क्रमांक चौदा आला: पुरुषांच्या दाढीची लांबी, मिलिमीटरमध्ये.

मुंजाबाची दीड भरली. शेजारच्यांची दोन. गल्ली मान वर करून, गाल पुढं करून रांगेनं मोजून घेत होती. मग सर्जेराव श्रीरंगच्या ओट्यावर चढले, पट्टी लावली, काढली, पुसली, परत लावली.

"शून्य."

"शून्य कसं? बरोबर आहे, शून्यच! सकाळीच केलीय. रोज करतो मी."

वैदेहीनं आतून दोनदा खोकून पाहिलं. उपयोग झाला नाही.

"रोज?" सर्जेरावांनी पेन काढलं. "म्हंजे पाणी हाय."

"अहो, अर्धं फुलपात्र लागतं फक्त!"

"अर्धं का व्हईना. हाय ना?"

"पण बाकी चाळीस घरांची सरासरी तरी काढा!"

"सरासरी नसती, साहेब. परिपत्रकात किमान दाढी धरत्यात. एका घरात पाणी हाय म्हंजे गल्लीत पाणी हाय. आता गल्ली जाणं अन् ते घर जाणं."

त्या गुरुवारी टँकर आला नाही.

शुक्रवारी सकाळी गल्लीतल्या वच्छलाबाईंनी रिकामा हंडा श्रीरंगच्या ओट्यावर आपटला. "दादा, तुझ्या गालापायी माझ्या चुलीवर डाळ चढली नाय. नातू कोरडा भात खाऊन शाळंत गेला. तेवढा गाल हिरवा राहू दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

श्रीरंगला पहिल्यांदाच आपल्या गुळगुळीत गालाची लाज वाटली. तो म्हणाला, "मी जातो कक्षात. दाखवून देतो. माणसाला अर्ध्या फुलपात्रात दाढी करावी लागते, म्हणजे किती टंचाई आहे बघा, असं सांगतो."

"व्हय," मुंजाबा म्हणाला, "पर बोलताना तेवढं बढाईचं बटन बंद ठीव."

सोमवारी श्रीरंग तीन दिवसांची दाढी घेऊन कक्षात हजर झाला. कक्षाचे प्रमुख तात्यासाहेब गोड माणूस होते. त्यांनी टेबल मोकळं करून दिलं, बाटलीतलं पाणी फुलपात्रात ओतायला लावलं. फायली थांबल्या. सगळं ऑफिस खुर्च्या घेऊन भोवती बसलं. श्रीरंगनं साबण फेसाळला, रेझर तिरका धरला आणि एकाही थेंबाची उधळपट्टी न करता दाढी केली. इतकी देखणी दाढी त्यानं जन्मात केली नव्हती. टाळ्या पडल्या. तात्यासाहेबांनी उठून स्वतः गालावरून हात फिरवला.

"वा! आणि नळाखाली केली तर किती जातं?"

"बारा लिटर," सर्जेराव म्हणाले.

"आणि याला?"

"पाव लिटरसुद्धा नाही!" श्रीरंगच्या तोंडून निघून गेलं. बटन चालू राहिलं होतं.

"म्हणजे माणशी बारा लिटरची बचत. गल्लीत माणसं किती?"

"दोनशे बारा," सर्जेरावांनी तक्ता पाहून सांगितलं.

"गुणा."

"साहेब, त्यात बायका आहेत! तान्ही पोरं आहेत!"

तात्यासाहेब गंभीर झाले. "देवगावकर, हा कक्ष स्त्री-पुरुष भेद करत नाही."

"दोन बोकड पण हायेत, साहेब," सर्जेराव म्हणाले. "दाढीवाले."

"धरा. मुक्या जनावरांवर अन्याय नको."

उत्तर आलं दोन हजार पाचशे अडुसष्ट लिटर. रोजचं. तात्यासाहेबांनी श्रीरंगचा हात हातात घेतला. "अभिनंदन. तुमच्या गल्लीत पाणी शिल्लक आहे. आणि असल्या उन्हात शिल्लक पाणी पडून राहिलं तर उडून जातं. ते आपण करमाडच्या अलीकडं झुळझुळ हाइट्सला वळवतो. तिथलं कारंजं कोरडं पडलंय."

"तिथं राहतं कोण?"

"अजून कुणीच नाही. म्हणून तर आत्तापासून नियोजन."

श्रीरंगला शाल, श्रीफळ आणि 'जलमित्र' असं सर्टिफिकेट मिळालं. वैदेहीनं नारळ फोडून पाणी वाटीवाटीनं गल्लीत फिरवलं. कक्षाकडून गल्लीला त्या आठवड्यात मिळालेलं तेवढंच पाणी.

मग गल्लीनं शपथ घेतली. नळाला पाणी येवो न येवो, गालाला पातं लावायचं नाही. श्रीरंगनं रेझर खोलला, पुसला आणि कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. तीन आठवड्यांनी सर्जेराव आले तेव्हा किमान दाढी नऊ मिलिमीटर भरली, आणि तीसुद्धा श्रीरंगची. वच्छलाबाईंनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

चार दिवसांत लेखी उत्तर आलं: "अर्ध्या फुलपात्रात दाढी होते, हे आपल्याच गल्लीतील जलमित्रांनी सिद्ध केले असल्याने, यापुढे वाढलेली दाढी ही टंचाई नसून आळस समजण्यात यावी."

त्या गुरुवारी टँकर दिसला. गल्लीच्या तोंडावर जरा हळू झाला, कारण तिथं खड्डा होता. मग सांडत सांडत जालना रोडला लागला. मुंजाबाचे बोकड ओल्या रेघेचा वास घेत चौकापर्यंत मागं गेले.

रविवारी पेपरात पानभर जाहिरात आली. झुळझुळ हाइट्स. चोवीस तास पाणी. सँपल फ्लॅट पाहायला या.

श्रीरंग आणि वैदेही गेले. फ्लॅट काय, ते दोघं सरळ बाथरूममध्येच शिरले. पाहुण्यांची खात्री पटावी म्हणून तिथला नळ कायम चालू ठेवला होता. श्रीरंग कितीतरी वेळ त्या धारेकडं बघत उभा राहिला. वैदेहीनं पर्स उघडली आणि जुना, पाच पात्यांचा रेझर त्याच्या हातात दिला. मग ती बाहेर गेली आणि त्यानं कडी लावली.

तो पंचवीस मिनिटं दाढी करत होता. नळ पूर्ण सोडून. एकदा सरळ, एकदा उलट, मग पुन्हा उगाचच.

दारावर थाप पडली. "उरका की, देवगावकर! मागं लाईन हाय."

त्यानं दार उघडलं. खांद्यावर टॉवेल टाकून मुंजाबा उभा होता. त्याच्या मागं गल्ली नंबर चार, सगळी, जिन्यापर्यंत. वच्छलाबाई हंडा घेऊन आल्या होत्या. खाली बोकड कारंज्यावर होते. आणि रांगेच्या शेवटी, नजर चुकवत, खिशात पट्टी आणि गालावर चार दिवसांची दाढी घेऊन सर्जेराव.

"मोजायला आलाव काय?" मुंजाबानं विचारलं.

"आज सुट्टी हाय," सर्जेराव म्हणाले. "पुढं सरका."

हे वाचून ज्यांना श्रीरंगचं हसू आलं, त्यांनी जरा आपल्या गालावरून हात फिरवून बघावा. खरखरीत लागला तर प्रश्नच मिटला. गुळगुळीत लागला, तर सकाळचा नळ कुठल्या गल्लीच्या वाट्याचा होता, तेवढं आठवून ठेवावं. आणि आपल्याला दाढीच येत नाही म्हणून कुणी निर्धास्त बसू नये. तक्त्यात नाव त्यांचंही आहे, बोकडांच्या वरच्याच ओळीत.