वाळत घातलेलं मंत्रिमंडळ

पेंटरच्या तळघरात त्या सकाळी अख्खं मंत्रिमंडळ भिंतीला टेकून वाळत होतं.

शपथविधी दुपारी चारला होता आणि यादीचा अजून पत्ता नव्हता. पण सचिवालयातल्या बावीस दारांवर चारच्या आत पाट्या लागायलाच हव्यात, आणि रंगाला वाळायला एक दिवस लागतो. रंग काही पंतप्रधानांचं ऐकत नाही. म्हणून पेंटर एकोणीस वर्षं एक युक्ती करत आला होता. कँटीनमध्ये ड्रायव्हर लोक काय बोलतात ते ऐकायचं, अंदाज बांधायचा आणि आदल्या दिवशीच पाट्या रंगवून मोकळं व्हायचं. एखादी चुकलीच, तर तेवढ्यापुरता वर कागद चिकटवायचा. नियम अर्थातच वेगळा होता. यादी येण्याआधी एक अक्षर लिहायचं नाही आणि सरकारी फळीवर खाजगी काम करायचं नाही, नाहीतर निलंबन. पेंटरच्या पेन्शनला आठ महिने उरले होते.

आणि या वेळी त्याने दोन्ही नियम एकदम मोडले होते, कारण रांगेतली तेविसावी पाटी मेहुण्याची होती. मेहुणा नव्या घरात राहायला गेला होता. "आज संध्याकाळी धाकट्याच्या दारावर पाटी दिसली पाहिजे," म्हणून बायकोने आठवडाभर डोकं खाल्लं होतं. हा मेहुणा स्वतः काडी इकडची तिकडे करत नसे, पण सल्ला मात्र न मागता देई. "मला काम नको, मान पाहिजे," असं तो चारचौघांत सांगायचा.

हवा लागावी म्हणून पेंटरने रस्त्याच्या पातळीवरची खिडकी उघडली आणि तिथेच घात झाला. कृषिमंत्र्यांचा ड्रायव्हर पडलेली किल्ली उचलायला वाकला आणि त्याला आतल्या पाट्या दिसल्या. दहा मिनिटांत खुद्द कृषिमंत्री जिना उतरून खाली आले.

"पेंटर, माझ्या नावाखाली मत्स्यव्यवसाय का लिहिलंय?"

"अंदाजाने लिहिलंय हो, साहेब. यादी माझ्याकडे कुठून येणार?"

"तुझा अंदाज आजवर कितीदा चुकलाय?"

पेंटरने ब्रश पुसायला घेतला. एकोणीस वर्षांत दोनदाच चुकला होता, आणि हे सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं होतं.

"मला माशाकडे बघवतसुद्धा नाही रे," कृषिमंत्री म्हणाले आणि रंगाच्या डब्यावर बसले.

पाठोपाठ शिक्षणमंत्री आले. त्यांना रस्ते हवे होते. ज्यांना रस्ते मिळाले होते त्यांना अर्थखातं हवं होतं. बाराच्या आत तळघरात अकरा मंत्री जमले. ते पाट्यांना धक्का लागू न देता, अंग चोरून भांडत होते. पेंटर तेविसाव्या पाटीसमोर खांबासारखा उभा होता.

"कुणी सांगितलं तुला? आमच्यापुरतं बोल," शिक्षणमंत्र्यांनी हळूच विचारलं.

"आईशप्पथ साहेब, कुणी नाही."

"बघा, किती पक्का माणूस आहे. म्हणजे यादी खरीच आहे."

यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. हळूहळू आवाज उतरले. आता लिहिलंच गेलंय तर उगाच वाईटपणा कशाला घ्या, असं पुटपुटत एकेक जण वर गेला. तेवढ्यात पंतप्रधानांच्या सचिवांनी आत येऊन दार लावून घेतलं. घड्याळात एक वाजला होता.

"यादी फुटली म्हणून वर गोंधळ चाललाय."

पेंटरने हात जोडले. "साहेब, पोटावर पाय देऊ नका. आठ महिने राहिलेत."

सचिवांनी चष्मा काढून डोळे चोळले. "फुटायला यादी आहेच कुठे? तीन दिवस झाले, एकही नाव ठरत नाही. आणि आत्ता अकरा जण येऊन साहेबांना सांगून गेले की तुमचा निर्णय मान्य आहे." त्यांनी खिशातून कोरा कागद काढला. "पाट्या वाच."

पेंटर वाचत गेला आणि सचिव लिहीत गेले. बावीस झाली.

"तुझ्यामागे कोण आहे?"

खाजगी काम म्हणावं, तर नोकरी गेली. "हेही... आहेत, साहेब," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

"खातं लिहिलेलं नाही."

"नाही साहेब. नुसतं नाव."

सचिवांनी ते नाव शेवटी लिहून घेतलं. "बिनखात्याचे मंत्री. कँटीनला कळलं आणि मला नाही. पत्ता?"

पेंटरने पत्ता घडाघडा सांगितला. संध्याकाळी पाटी तिथेच पोचवायची होती.

वर कुणीच काही विचारलं नाही. प्रत्येक गटाला वाटलं की हा पंतप्रधानांचा खास माणूस, आणि पंतप्रधानांना वाटलं की हा कुठल्यातरी गटाचा. अडीचला बायकोचा फोन आला. "अहो, धाकट्याला न्यायला सरकारी गाडी आली होती. कधीतरी बोलावणार हे त्याला माहीतच होतं म्हणे." पेंटर तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीच्या दारावर तीच तेविसावी पाटी ठोकत होता.

दुसऱ्या दिवशी मेहुणा स्वतः तळघरात आला. अंगात कोट, बगलेत फाईल. स्टूल पुसून तो बसला.

"भाऊजी, मला खातं नाही ना, म्हणून एक चौकशी माझ्याकडे दिलीय. यादीआधी पाट्या कशा रंगल्या आणि इथे खाजगी कामं चालतात का, याची. तेव्हा नातं जरा बाजूला ठेवू."

"ठेवू," पेंटर कसाबसा म्हणाला.

मेहुण्याने पेनाचं टोपण काढलं. "पहिला प्रश्न. माझ्या घराची पाटी काल संध्याकाळी मिळणार होती. ती कुठंय?"